सल्लागार मंडळात एक खुर्ची गावच्या शाळेचीही हवी



आज सुरुवात एका कबुलीने करतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात आमच्या शाळेत टॅबची खोकी आली. एका कंपनीच्या मदतीने चालणारा उपक्रम होता. २० टॅब, ते ठेवायला कपाट, प्रत्येक मुलाच्या नावाने वेगळं लॉगिन. सामान चांगलं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण एकच होती. पटावर मुलं ३४ आणि वर्गात बसलेली १५. बाकीची आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेली.

बीड जिल्ह्यातल्या शिक्षकाला यात नवं काही नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते, उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधतात आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंतच्या कारखान्यांवर जातात. ती परत येतात पाडव्याच्या आसपास. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं तेवढी शाळेत दिसतात. म्हणजे आमचं दुसरं सत्र अर्ध्या वर्गाचंच असतं.

उपक्रमाचा नियम मात्र असा होता की पटावरच्या प्रत्येक मुलाने आठवड्याला ६० मिनिटं टॅब वापरला पाहिजे. भागाकार पटाने व्हायचा, हजेरीने नाही. त्यामुळे वर्गातली १५ मुलं कितीही मन लावून शिकली, तरी अहवालात आमच्या शाळेपुढे लाल खूण. दर सोमवारी लाल शाळांची यादी ग्रुपवर पडायची. समन्वयक म्हणून येणारा मुलगा चांगला होता, पोटतिडकीने काम करायचा. त्याला अडचण सांगितली तर म्हणाला, "सर, मला पटतंय हो. पण हे वरून ठरलंय."

फेब्रुवारीत मी हरलो. शाळा सुटल्यावर एक-एक टॅब उघडला, गावात नसलेल्या १९ मुलांच्या नावाने लॉगिन केलं, धडे पुढे ढकलले, प्रश्नांची उत्तरं दाबली. आठवडाभरात शाळा हिरवी झाली. पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ आली : स्थलांतर होणाऱ्या भागातही उपक्रमाला उत्तम प्रतिसाद.

तो प्रतिसाद माझ्या बोटांचा होता. मुलं तेव्हा उसाच्या फडात होती.

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर 'तज्ज्ञ सल्लागार मंडळ' अशा मथळ्याखाली काही फोटो होते. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, संगणक क्षेत्रातले जाणकार. मोठी माणसं. त्यांच्यात आज वर्गावर शिकवणारा प्राथमिक शिक्षक एकही नव्हता आणि पालकही नव्हता. असा एखादा माणूस तिथे बसलेला असता, तर पहिल्याच बैठकीत म्हणाला असता, "नोव्हेंबरात बीडला खोकी पाठवू नका, आणि भागाकार हजेरीने करा." दोन वाक्यांचा सल्ला. तो द्यायला कुणीच नव्हतं. म्हणून हा लेख.

हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे?

आपल्याकडे कंपन्यांचा पैसा शाळेपर्यंत कसा येतो, हे पालकांना बहुतेक कुणी सांगत नाही. थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची असते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे.

हा पैसा कुठे जावा, याची शिफारस कंपनीची सीएसआर समिती करते. कायद्याने ती समिती संचालकांची असते, साधारणपणे तीन किंवा जास्त संचालकांची. शिक्षणावर खर्च होणार असेल तर त्यात शिक्षणातला माणूस असावा, अशी अट नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर मोठ्या कंपन्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचा परिणाम त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, ही चांगली गोष्ट झाली. पण तपासणी काम झाल्यावर होते. सल्ला आधी लागतो.

आता दुसरा कायदा बघा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा, असं कलम २२ सांगतं.

म्हणजे शाळेला रंग कोणता द्यायचा, यावर ऊसतोडणाऱ्या आईचं मत कायद्याने घ्यावं लागतं. तिच्या मुलाने टॅबवर काय शिकायचं, किती वेळ शिकायचं, त्याची माहिती कुठे जायची, हे जिथे ठरतं तिथे मात्र तिला जागा नाही. तज्ज्ञ हवेत की नकोत हा प्रश्नच नाही. गाव आणि 'वर' यांच्यामधला हा जिना बांधायचाच राहून गेलाय, त्याचं काय करायचं ते बोलू.

बीडला हे जास्त का लागतं

त्याच कलमात असंही म्हटलंय की कंपनीने आपण काम करतो त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं. पुणे, मुंबई, ठाण्याला याचा फायदा होतो. आपल्याकडे साखर कारखाने, परळीचं औष्णिक वीज केंद्र, जिनिंग, पवनचक्क्या एवढंच काय ते. त्यामुळे आपल्या वाट्याला येणारे उपक्रम बहुधा दुसरीकडे आखलेले, दुसऱ्यांच्या मापाने शिवलेले असतात. तयार सदरा अंगात घालायचा, आखूड असला तरी आभार मानायचे.

पण आता गोष्टी आपल्या दारातही येताहेत. २०२५ मध्ये बीडसाठी टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने सुमारे १९० कोटींचं कौशल्य प्रशिक्षण केंद्र जाहीर झालं. तरुणांना नव्या यंत्रांवर काम शिकवणारं. मनापासून स्वागत. त्याआधी १८ सप्टेंबर २०२३ ला राज्याने दत्तक शाळा योजनेचा निर्णय काढला. त्यात ग्रामीण भागातल्या शाळेसाठी ५ वर्षांना ५० लाख किंवा १० वर्षांना १ कोटी रुपयांच्या वस्तू आणि सेवा दिल्या, तर देणगीदाराने सुचवलेलं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. त्या वेळी राज्यभर वाद झाला तो बहुतेक नावावरून झाला. मला नावापेक्षा वेगळी काळजी वाटते. पाटीवर नाव कुणाचं, यावर आपण भांडलो. आत काय शिकवायचं ते सुचवणाऱ्या टेबलावर कोण बसणार, हे फारसं कुणी विचारलं नाही.

नुसत्या मोठ्या नावांनी भागत नाही

सल्लागार मंडळ आहे म्हणजे सगळं तपासून घेतलेलं आहे, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. बायजूजचं उदाहरण बहुतेक पालकांना माहीत आहे. कंपनी अडचणीत आल्यावर जुलै २०२३ मध्ये तिने सल्लागार परिषद नेमली. स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष रजनीश कुमार आणि इन्फोसिसचे माजी वित्त प्रमुख मोहनदास पै. दोघंही आपापल्या क्षेत्रातली मोठी माणसं, पण क्षेत्र पैशाचं. मुलांना शिकवणारी कंपनी, आणि सल्ला द्यायला वर्गातलं कुणी नाही. जून २०२४ मध्ये दोघंही त्या कामातून बाहेर पडले, कंपनीची घसरण काही थांबली नाही. सल्लागाराच्या हातात सल्ला असतो, निर्णय नसतो, हे यातून लक्षात ठेवायचं.

जगातही हेच दिसतं. युनेस्कोने २०२३ मध्ये शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला. हे साधन नेमकं कुणाच्या अटींवर चालतं, हाच त्याचा मुख्य प्रश्न होता. त्यात पेरू देशाचं उदाहरण आहे. तिथे दहा लाखांहून जास्त लॅपटॉप मुलांना वाटले, पण शिकवण्याच्या पद्धतीत ते बसवलेच नाहीत, आणि शिकणं काही सुधारलं नाही. त्याच अहवालात ब्रिटनमधल्या शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांची माहिती आहे. आपल्या उत्पादनाची काटेकोर चाचणी घेतलेल्या कंपन्या फक्त ७ टक्के निघाल्या.

फार लांब कशाला जा? आपल्याच राज्यात हायस्कुलांमध्ये 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने संगणक कक्ष आले होते. कराराची वर्षं संपली, निदेशक गेले आणि कित्येक शाळांत ती खोली कुलूपबंद झाली. सहाव्या वर्षी काय होणार, हा प्रश्न करार लिहितानाच कुणी हट्टाने विचारायला हवा होता.

चांगला नमुना आपल्याच दप्तरात आहे

आता कुणी म्हणेल, शिक्षकांना मंडळावर घेणं व्यवहारात जमत नाही. मग मुलाच्या दप्तरातलं बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवर विषय समितीची, अभ्यासगटाची नावं छापलेली असतात. त्यात प्राध्यापक असतात तसे शाळेत शिकवणारे शिक्षकही असतात. पुस्तकाचा मसुदा शिक्षकांकडून तपासून घेतला, त्यांच्या सूचनांचा विचार केला, असं प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. पुस्तकात चूक निघाली तर कुणाला विचारायचं, हे कळतं. बालभारती १९६७ पासून काम करते आहे आणि तिला ही पद्धत नवी नाही. स्वस्तातल्या पुस्तकाला जी शिस्त आपण लावतो, ती हजारोंच्या टॅबला का लावू नये?

दुसरं उदाहरण सोलापूरचं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, १० लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. २०२१ मध्ये तर जागतिक बँकेने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. आपल्यासाठी यातली गोष्ट एवढीच : त्यांची सुरुवात यंत्रापासून झाली नाही. समोरच्या मुलाला काय अडतंय, तिथून झाली. जिल्हा परिषदेचा शिक्षक जागतिक बँकेला सल्ला देऊ शकतो, तर बीडमधल्या उपक्रमाला बीडचा शिक्षक का देऊ शकणार नाही?

आपलंही थोडं चुकतं

एकतर्फी लिहायचं नाही म्हणून हेही सांगतो. तज्ज्ञ लागतातच. मुलांची माहिती कशी सांभाळायची, चाचणी नीट कशी घ्यायची, कुठलं यंत्र किती टिकेल, हे मला कळत नाही. कुणीतरी जाणकाराने ते बघायलाच हवं.

शिवाय शिक्षकाला खुर्ची दिली की प्रश्न सुटला, असंही नाही. आपल्याकडे अशा वेळी कुणाला बोलावतात? नेहमीच्याच चार जणांना. पुरस्कार मिळालेले, भाषण चांगलं करणारे, साहेबांच्या ओळखीचे. देणगीदारासमोर, अधिकाऱ्यासमोर "हे चालणार नाही" म्हणायला छाती लागते. मी स्वतः ते शिक्षण परिषदेत म्हणालो नाही. टॅब हिरवे करत बसलो. टॅब फुटेल म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवणारे, खोटी नोंद भरणारे आपल्यातलेच आहेत. त्यामुळे नुसती खुर्ची पुरणार नाही. खरं बोलल्यावर नुकसान होणार नाही, अशी व्यवस्थाही लागेल.

आणि खरं बोलणारी माणसं गावात असतात, आपण त्यांना विचारत नाही. टॅब आल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी नातवाला सांभाळणारी एक आजी म्हणाली, "गुरुजी, हे मशीन फडावर चालतंय का? तिथं तर लाईट बी नसती. माझी नात तर तिकडंच हाय."

माझ्या मते त्या सगळ्या उपक्रमातला तो सर्वांत मोठा तज्ज्ञ सल्ला होता. टॅब चार्ज करून, धडे आत भरून, शिक्षण हमी कार्डाबरोबर मुलीच्या हातात देता आला असता का? किंवा हंगामी वसतिगृहात संध्याकाळी ठेवता आला असता का? उत्तर 'नाही' आलं असतं तरी चाललं असतं. निदान प्रश्न तरी योग्य माणसांपुढे गेला असता.

मग मागायचं काय?

माझ्या मागण्या पाच आहेत. जड नाहीत.

१. शाळेसाठी चालणाऱ्या प्रत्येक उपक्रमाच्या सल्लागार मंडळात निदान एक-तृतीयांश माणसं सध्या वर्गावर असलेले शिक्षक आणि पालक असावीत. त्यात एक आई असावी. दर दोन वर्षांनी माणसं बदलावीत, म्हणजे नेहमीचेच चेहरे राहणार नाहीत. या कामाचे दिवस शिक्षकाला कर्तव्यकाळ म्हणून धरले जावेत आणि पालकाला त्या दिवसाची मजुरी मिळावी. रोजंदारी बुडवून कुणी सल्ला द्यायला येणार नाही.

२. मंडळावरच्या प्रत्येकाचा त्या कंपनीशी काय संबंध आहे, मानधन किती, हे जाहीर असावं. बालभारतीच्या पुस्तकासारखं, पहिल्याच पानावर.

३. मंडळाने काय सुचवलं, त्यातलं काय मानलं, काय मानलं नाही आणि का, हे मराठीत लिहून शाळेपर्यंत यावं. दोन पानं पुरेत.

४. उपक्रम त्या भागाच्या वर्षाशी जुळवावा. बीडमध्ये जून ते सप्टेंबर हा आमचा भरलेला काळ. प्रशिक्षण, वाटप, पहिली चाचणी तेव्हा करा. दिवाळीनंतरचं नियोजन मूल कुठे आहे, हे विचारून करा. लाल खुणेला शिक्षा समजू नका. लाल खूण म्हणजे शाळेने दिलेली माहिती.

५. मुलांची माहिती कुणाकडे जाते आणि उपक्रम संपल्यावर यंत्रांचं काय होतं, हे करारात आधी लिहिलेलं असावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे. अंगठा कुठे आणि कशासाठी घेतला, हे पालकाला कळायला हवं.

हे सगळं ऐकून "मग कंपनी येणारच नाही, आहे तेही जाईल," अशी भीती कुणी घालेल. ती भीती मला समजते, मागास जिल्ह्याला ती जन्मापासून लागलेली असते. पण पीक विम्याची गोष्ट आठवा. विमा कंपन्या बीडला यायला नाखूश होत्या. तरी २०२० च्या खरिपात इथेच ८०-११० चं सूत्र आलं. भरपाई जमा हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी झाली, तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकीचे सरकारला परत करायचे. ११० टक्क्यांच्या वर गेली, तर वरचा भार सरकारने उचलायचा. दोन्ही बाजूंची जबाबदारी कागदावर. पुढे 'बीड पॅटर्न' म्हणून राज्याने ते उचललं. अट घातली म्हणून काम अडलं नाही, उलट अट स्पष्ट होती म्हणून ते उभं राहिलं. शेतीत जमलं ते शाळेत का जमू नये?

तोपर्यंत आपल्या हातात काय?

मंडळात खुर्ची मिळेल तेव्हा मिळेल. शाळा व्यवस्थापन समिती मात्र आजच आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी शाळेत कुठलाही उपक्रम आला की टाळ्या वाजवण्याआधी बैठकीत चार प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. हे कुणी ठरवलं? आमच्यासारख्या शाळेत आधी करून पाहिलं का? मुलांची माहिती कुठे जाते? आणि बिघडलं, तर तिसऱ्या वर्षी दुरुस्त कोण करणार? उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर मिळालं नाही' असं लिहा. तीही नोंदच आहे.

आणि शिक्षक मित्रांनो, आपली खूण लाल असेल तर लालच राहू द्या. खाली कारण लिहा. आमची ती १९ मुलं एप्रिलमध्ये परत आली तेव्हा त्यांच्या लॉगिनवर पुढचा धडा उघडला. मागचे सगळे धडे 'पूर्ण' दाखवत होते. एका मुलीने विचारलं, "सर, हे मी कधी शिकले?"

मला उत्तर देता आलं नाही.